घोरता घोरता श्वास थांबतो, आणि ते म्हणतात, ‘मला झोप छान लागते’

प्रश्न थोडक्यात असा: माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. सडपातळ, दारू-तंबाखू काही नाही. घोरतात लग्नापासूनच, पण वर्षभरात घोरता घोरता एकदम शांत होतात. मी हलवलं की मोठा श्वास घेतात आणि पुन्हा सुरू. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी वरचं १५० च्या खाली येत नाही. फिरतीची नोकरी, गाडी स्वतः चालवतात. मागच्या महिन्यात डिव्हायडरला घासून वाचले. त्यांचं म्हणणं, मला झोप छान लागते, तुलाच लागत नाही. डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितली आहे. खरंच गरज आहे का? आणि एकदा मशीन लागलं की जन्मभर लावावं लागतं का?

ताई, आधी गाडीचं बोलतो. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांना लांबच्या रस्त्यावर एकट्यानं गाडी चालवू देऊ नका. बाकी सगळं पंधरा दिवस इकडेतिकडे झालं तरी चालेल, हे नाही. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला अपघाताचा धोका इतरांच्या साधारण दोन ते तीन पट असतो. डिव्हायडरला घासणं म्हणजे बहुधा तीन-चार सेकंदांची डुलकी. ताशी ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी पाऊणशे मीटर पुढे गेलेली असते. समृद्धीसारखा सरळसोट रस्ता, पोटात दुपारचं जेवण आणि एसी चालू, म्हणजे तर विचारायलाच नको. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यानं झोप जात नाही, फार तर दहा मिनिटं पुढे ढकलली जाते. अगदीच निघावं लागलं तर सोबत दुसरा चालवणारा हवा. जांभया सुरू झाल्या की पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावून वीस मिनिटं झोपायचं.

आता तुमचा प्रश्न. स्लीप स्टडीची गरज आहे. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींत जवळजवळ निदान आहे: ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत घशातली वाट मिटून श्वास अडण्याचा आजार. स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन नोंदवणारी तपासणी, करायची ती आजार किती आहे हे मोजायला.

जिभेच्या आणि टाळूच्या मागची श्वासाची वाट ही मऊ नळी आहे. तिला नाकासारखा हाडाचा किंवा श्वासनलिकेसारखा कूर्चेचा आधार नाही. जागेपणी तिथले स्नायू ती ताणून उघडी ठेवतात, झोप लागली की ते सैलावतात. वाट अरुंद झाली की हवा जोरात जाते, पडजीभ आणि टाळू थरथरतात, तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजही बंद. म्हणून घरच्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली एकदाची. त्या वेळी छाती-पोटाकडे बघा: ती वर-खाली झगडत असतात, पण नाकातोंडातून हवा जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू घाबरून दोन-तीन सेकंद जागा होतो, स्नायू ताणले जातात, आणि फुर्रकन मोठा श्वास येतो. हे त्या माणसाला सकाळी अजिबात आठवत नाही. असा अडथळा दहा सेकंद किंवा जास्त टिकला तर तो मोजतात. तासाला तीस वेळा झाला तर सात तासांच्या झोपेत दोनशेवर वेळा माणूस जागा झाला, आणि प्रत्येक वेळी अ‍ॅड्रिनॅलिनचा एक झटका बसून बीपी उसळलं. दोन गोळ्यांनी बीपी का ऐकत नाही याचं एक कारण हे असू शकतं.

म्हणजे तुमचे मिस्टर खोटं बोलत नाहीत. डोकं टेकल्यावर दोन मिनिटांत त्यांना झोप लागते, कारण शरीर झोपेला भुकेलेलं आहे. ‘पडल्या पडल्या घोरायला लागतो, सुखी माणूस आहे’ असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. मी ते ऐकलं की त्या सुखी माणसाचं बीपी तपासायला सांगतो.

बावीस वर्षं मी छातीचे आजार बघतो आहे. या आजारात रुग्णाच्या बोलण्याला मी जेवढं कमी महत्त्व देतो तेवढं दुसऱ्या कशात देत नाही. शेजारी झोपणारं माणूस सोबत आलं नसेल तर फोन लावून बोलतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मणका दाखवायला दवाखान्यात आले होते. त्यांच्या पत्नी बाहेर बसल्या बसल्या पेंगत होत्या, म्हणून सहज विचारलं. तर त्या सहा वर्षं रात्री नवऱ्याच्या पोटावर हात ठेवून झोपत होत्या. पोट हलतंय पण श्वासाचा आवाज नाही असं वाटलं की चिमटा काढायचा. त्यांना हा आजार आहे हे माहीत नव्हतं, पण उपचार मात्र चालू होता!

आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, असं विचारणारी एक प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली, एपवर्थ स्केल म्हणतात. २४ पैकी १० च्या वर गुण म्हणजे झोपाळूपणा जास्त. मी तिच्या दोन प्रती देतो, एक नवऱ्याला आणि एक बायकोला, एकमेकांचं न बघता भरायला. नवरा ६ लिहितो, बायको १५. दोन कागद समोरासमोर ठेवले की अर्धा वाद मिटतो.

तुम्ही एक काम आजच्या रात्री करा. मोबाइलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढा. पांघरूण बाजूला, मंद दिवा, छाती आणि पोट दोन्ही दिसायला हवीत. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, उताणे झोपलेले असताना काढलात तर जास्त मिळेल, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि तेव्हा स्नायू सगळ्यात ढिले पडतात. हा व्हिडिओ डॉक्टरांच्या आधी त्यांना दाखवा. मात्र घरातल्या सगळ्यांसमोर, कुंभकर्ण म्हणून हसत नको. स्वतःला श्वासासाठी तडफडताना पाहिलं की बहुतेक पुरुष गप्प होतात, पण चेष्टा झाली तर तपासणी वर्षभर पुढे जाते.

सडपातळ माणसाला कसं होईल, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. लठ्ठपणा हे सगळ्यात मोठं कारण आहे, एकमेव नाही. आपल्या लोकांत खालचा जबडा लहान किंवा मागे असणं बरंच आढळतं. हाडाची पेटी लहान असली की जीभ मागे सरकायला थोडंही पुरतं. एकदा त्यांना बाजूनं बघा, हनुवटी खालच्या ओठाच्या मागे जाते का? पोट सपाट असून गळा जाड असतो काहींचा, शर्टाची कॉलर १६ इंचाच्या आसपास गेली की मी सावध होतो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. १९.५ टक्क्यांच्या झोपेत श्वासाचे अडथळे सापडले, आणि दिवसाच्या झोपाळूपणासकट पुरता आजार ७.५ टक्क्यांना. हे दवाखान्यात तक्रार घेऊन आलेले लोक नव्हते.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, चिडचिड, विसराळूपणा, शरीरसंबंधात मन न लागणं, यातलं काय काय आहे ते लिहून घ्या. रात्रीच्या लघवीचा दोष लोक प्रोस्टेटला देतात. श्वास अडून छातीत ताण आला की हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि ते लघवी वाढवतं, हे कुणी सांगत नाही.

जरा विषयांतर करतो, कारण हे वाचणाऱ्यांत बायकाही असतील. बायकांमध्ये हा आजार वेगळ्या तोंडवळ्यानं येतो: थकवा, झोप लागत नाही, सारखी जाग येते, सकाळी डोकेदुखी. पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं. हिमोग्लोबिन होतं, थायरॉइड होतं, कॅल्शियम सुरू होतं, आणि शेवटी झोपेची गोळी हातात पडते. ती गोळी घशाचे स्नायू आणखी ढिले करते. बायको घोरते हे सांगायला नवरा येत नाही, आणि बायको स्वतःहून ते कबूल करत नाही. माझ्याकडच्या स्त्री-रुग्णांत निदानाला लागलेला उशीर बघून मला दर वेळी राग येतो. लहान मुलांचं थोडक्यात: तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं, अंथरूण ओलं करणारं, शाळेत चुळबुळ करणारं मूल असेल तर टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड दाखवा. बहुतेकांचं ऑपरेशननं भागतं.

स्टडी दोन प्रकारची. एक प्रयोगशाळेत रात्रभर, मेंदूच्या लहरींपासून पायांच्या हालचालींपर्यंत सगळं नोंदवणारी. दुसरी घरी, नाकाजवळ नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. तुमच्या मिस्टरांसारखी स्पष्ट लक्षणं असतील आणि हृदय-फुप्फुसाचा मोठा आजार नसेल तर घरची पुरते, स्वस्तही पडते. घरची स्टडी नॉर्मल आली आणि लक्षणं मात्र कायम आहेत, तर तिथे थांबू नका, प्रयोगशाळेत करा. घरचं यंत्र झोप मोजत नाही, ते लावलेला वेळ मोजतं, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. हातातलं घड्याळ इशारा देऊ शकतं, निदान करू शकत नाही.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा असेल, म्हणजे तासाला सरासरी किती अडथळे. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मी त्याच्या शेजारी ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० च्या खाली किती वेळ राहिला हेही बघतो. ‘सेंट्रल’ असा शब्द जास्त प्रमाणात दिसला तर गोष्ट वेगळी. तिथे वाट उघडी असते, मेंदूच श्वासाचा हुकूम देत नाही. मग हृदय तपासावं लागतं.

आता मशीन. सीपॅप म्हटलं की घरच्यांचा चेहरा पडतो, विशेषतः कोविडनंतर. ‘ऑक्सिजनवर गेले’ असं वाटतं. त्यात ऑक्सिजन नसतो. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं नाकात सोडली जाते आणि ती मिटणारी वाट आतून धरून ठेवते. दाब किती? दहा सेंटीमीटर पाण्याएवढा, असं लिहितात. पेलाभर पाण्यात तळापर्यंत नळी बुडवून बुडबुडे काढा, साधारण तेवढा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी हे १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं, अवघ्या पाच रुग्णांवर. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडणं. माझ्यासमोर कुणी मास्ककडे बघून तोंड वाकडं केलं की मी ही गोष्ट सांगतो.

मशीन कपाटात जाऊन पडतं ते बहुतेक वेळा मास्कमुळे. अनेक विक्रेते सरसकट नाकतोंड झाकणारा मोठा मास्क देतात. नाकानं श्वास घेता येत असेल तर आधी नाकापुरता छोटा मास्क मागा. नाक चोंदत असेल तर आधी नाकाचा उपचार. मास्क आडवं पडून, मशीन चालू करून बसवायचा, कारण बसल्यावर आणि झोपल्यावर चेहऱ्याचा आकार वेगळा असतो. हवा गळते म्हणून पट्टे आवळत गेलं की गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते, तेव्हा सैल करून पुन्हा बसवा. दाट मिशा असतील तर हवा तिथून निसटते. माझ्या एका पैलवान रुग्णानं मशीन सोडलं पण मिशा काढल्या नाहीत. शेवटी नाकपुड्यांत बसणाऱ्या उशीसारख्या मास्कवर समेट झाला. पहिला आठवडा संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसू दे, जागेपणी सवय झाली की रात्री घुसमट होत नाही. घसा कोरडा पडला तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी), त्यात डिस्टिल्ड पाणी किंवा उकळून गार केलेलं, रोज बदललेलं. मास्क रोज साध्या सौम्य साबणानं धुवा.

लाइट गेली तर? मशीन बंद पडलं म्हणून जीव गुदमरत नाही. मोठ्या मास्कला त्यासाठी झडप असते, आणि माणूस जागा होतोच. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन आरामात चालतं. भारनियमन लांबलं तर ह्युमिडिफायरची उष्णता बंद करा, सगळ्यात जास्त वीज तीच खाते.

पहिले दोन आठवडे ठरवतात. त्या काळात ज्याला कुणी फोन करून ‘कसं चाललंय’ विचारत नाही, तो बहुधा सोडतो. म्हणून मशीन ऑनलाइन स्वस्तात मागवण्याआधी महिनाभर भाड्यानं घ्या, आणि विक्रेता घरी येऊन मास्क बदलून देईल का ते विचारा. मशीन किती तास लावलं, किती गळती झाली, हे त्यातच नोंदलेलं असतं, ती नोंद डॉक्टरांना दाखवा. रात्री किमान चार तास, दहापैकी सात रात्री, हा नेहमीचा उंबरठा. माझा आग्रह झोपेच्या सगळ्या तासांचा असतो. मेडिक्लेममध्ये मशीनचे पैसे बऱ्याचदा मिळत नाहीत, पॉलिसी आधी वाचा.

जन्मभर का? चष्म्यासारखं आहे, लावलं तेव्हा दिसतं. मशीन आजार बरा करत नाही, त्या रात्रीपुरता थोपवतं. पण कारण हटवता आलं तर मशीनही सुटतं. लठ्ठ माणसानं वजन दहा टक्के उतरवलं तर अडथळे साधारण पाव हिश्शानं कमी होतात. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह असलेल्या मध्यम-तीव्र आजारासाठी मान्यता मिळाली. तुमच्या मिस्टरांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मला दुसरी गोष्ट आशेची वाटते: खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी, दातांवर बसवायची पट्टी. आजार सौम्य किंवा मध्यम निघाला, जबडा मागे असला आणि दात भक्कम असले तर ती चांगलं काम करते. या कामात तयार असलेला दंतवैद्य शोधा, बाजारातली उकळत्या पाण्यात मऊ करून चावायची पट्टी घेऊ नका. ज्यांचं तोंड गुटख्यानं पुरतं उघडत नाही त्यांना हा मार्ग बंद. सुदैवानं तुमच्याकडे तो प्रश्न नाही. रिपोर्टमध्ये फक्त उताणं झोपल्यावरच अडथळे दिसले, तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. हसू येईल, पण कुशीवर राहायला लावतो.

‘एका दिवसात घोरणं बंद’ अशा लेझरच्या जाहिरातींपासून सांभाळून. आवाज कमी होतो, अडथळे राहू शकतात, म्हणजे धोक्याची घंटा तेवढी काढून टाकल्यासारखं. ऑपरेशन काहींना लागतं, पण आधी अडथळा नेमका कुठे आहे ते बघून. आणि शंखाचं विचारतात हल्ली लोक. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांवरचा सहा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातले किमान पाच दिवस शंख वाजवणाऱ्यांचा दिवसाचा झोपाळूपणा उतरला आणि तासाचे चार-पाच अडथळे कमी झाले. घशाचे स्नायू कमावले जातात, त्यात नवल नाही. आरतीला शंख जरूर वाजवा, पण एएचआय ४० असताना चार-पाचनं भागत नाही.

मशीनमुळे हार्ट अटॅक टळतो, असं सांगून मी ते विकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,७०० हून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत सीपॅपनं हृदयविकार आणि लकव्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. पण त्या रुग्णांनी ते सरासरी रात्री ३.३ तासच लावलं होतं. बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, हट्टी बीपीत थोडं जास्त. म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या कारणांत या आजाराचं नाव होतं, आणि पुढचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नव्हता. घाबरून आलेले त्यातले बरेच महिन्याभरात मशीन सोडून मोकळे झाले. टिकले ते, ज्यांना चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी डोकं हलकं वाटलं. तुमच्या मिस्टरांना भीती घालू नका, ‘पंधरा दिवस करून बघा, गाडी चालवताना फरक कळेल’ एवढंच म्हणा. आणि पुढे कधी कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा.

स्टडीच्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको. नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी. प्रयोगशाळेत करणार असाल तर केस धुऊन जा, तेल लावलेलं असलं तर तारा चिकटत नाहीत. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं आणि तो व्हिडिओ सोबत ठेवा. तुम्हीही जा, आणि गाडी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.